कर्मविपाक आणि निळी गाठ

पोटरीवर किंवा कोपराशी निळसर, मऊ, बोटाने दाबली असता बसणारी आणि हातपाय खाली सोडताच पुन्हा रक्ताने भरून येणारी गाठ घेऊन जे मूल जन्मास येते, त्याच्या आईला पुढे वर्षानुवर्षे ज्या प्रश्नांचा जबाब द्यावा लागतो, ते प्रश्न बहुधा वैद्यकाचे नसतात. ग्रहणात विळी हाती धरली होती काय, डोहाळे पुरे झाले होते काय, कुळाचाराचे काही राहून गेले होते काय, अशी चौकशी घरातल्या वडीलधाऱ्या बायका आरंभितात. आणि या साऱ्यांचे उत्तर नकारार्थी आले तरी फिर्याद निकालात न निघता नुसती वरच्या कोर्टात जाते, कारण या जन्मात काही सापडले नाही तर गेल्या जन्माचे दफ्तर शिल्लक असतेच, आणि ते दफ्तर कोणालाच पाहावयास मिळत नसल्यामुळे तेथून निर्दोष सुटण्याची सोय नाही.

हा विकार शिरांचा आहे. गर्भावस्थेत शिरा घडत असताना त्यांच्या भिंतींतील स्नायूंचे आवरण काही भागात अपुरे राहते, म्हणून तेथील शिरा फुगीर, वेड्यावाकड्या होतात आणि त्यांत रक्त साचून राहते. त्या साचलेल्या रक्ताच्या गुठळ्या होतात, काही गुठळ्यांवर चुना चढून त्यांचे खडे बनतात, आणि मूल फार चालले, खेळले की पाय ठणकू लागतो. गाठ जन्मतःच असते, पण पुष्कळदा दिसते मागाहून. मुलाबरोबर वाढते, आपण होऊन कधीच जिरत नाही, आणि वयात येताना किंवा गर्भारपणी जास्तच उचल खाते. तान्ह्या मुलांच्या अंगावरील जे लाल चट्टे काही वर्षांत ओसरतात त्यांची आणि हिची गल्लत वैद्यांकडूनही दीर्घकाळ होत आली होती. ही दोन प्रकरणे निरनिराळी आहेत असा स्पष्ट निवाडा मलिकन आणि ग्लोवाकी या अमेरिकन संशोधकांनी 1982 साली केला. पुढे 2009 साली मिक्का विक्कुला यांच्या ब्रसेल्स येथील प्रयोगशाळेने दाखवून दिले की, अशा सुमारे निम्म्या गाठींमध्ये ‘टाय-2’ या जनुकात बिघाड झालेला असतो, आणि तो बिघाड केवळ गाठीच्या पेशींत असतो. त्याच मुलाच्या रक्तात तो सापडत नाही. म्हणजे बीजधारणा निर्वेध झाल्यानंतर, वाढत्या गर्भातील एखाद्या पेशीत तो उत्पन्न झाला आणि तिच्याच संततीपुरता मर्यादित राहिला. मोजक्या घराण्यांत हा विकार वंशपरंपरेने चालतो हे खरे, परंतु तो अपवाद होय.

या शोधाचे तात्त्विक महत्त्व आपल्याकडे कोणी मांडलेले माझ्या वाचनात नाही. सुश्रुताने सूत्रस्थानात व्याधींचे सात वर्ग पाडले आहेत. त्यांत आईबापांच्या शुक्रशोणितातील दोषाने होणारे ते आदिबलप्रवृत्त, आणि मातेच्या अपचाराने किंवा अपुऱ्या राहिलेल्या डोहाळ्यांमुळे होणारे ते जन्मबलप्रवृत्त. ग्रहणाची विळी सुश्रुताच्या माथी मारण्याचे कारण नाही; पण डोहाळ्यांचा आरोप त्याच्या नावावर रुजू आहे, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल केले पाहिजे. आता या निळ्या गाठीला कोणत्या वर्गात बसवावे? बीज शुद्ध होते, म्हणून पहिला वर्ग गेला. आईने काही केले अथवा करावयाचे राहिले याचा संबंध जडत नाही, म्हणून दुसराही गेला. सुश्रुताच्या वर्गीकरणात दोषारोपासाठी जी दोन माणसे उपलब्ध होती, ती दोन्ही निर्दोष ठरतात.

कर्मवादी येथे थांबत नाही. तो म्हणेल की, अब्जावधी पेशींपैकी नेमकी तीच बिघडली आणि ती याच मुलाच्या पायात बिघडली, हेच तर प्रारब्ध. हे उत्तर खोडून काढता येत नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. कारण पेशी बिघडली असती तरी ते लागू, न बिघडती तरी लागू, आणि जे सर्वांना सारखेच लागू पडते ते या मुलाविषयी काहीच सांगत नाही. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले आहे की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय. तेव्हा बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, अनियमित वागणूक आणि आघात ही सात कारणे आधी सांगून कर्मविपाकाला आठव्या जागी बसविले आणि सगळे कर्मावर टाकणारे अतिरेक करतात असा अभिप्राय दिला. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशू दोन्ही पर्याय नामंजूर करतो. दोन दूरच्या परंपरांतील हे दोन आचार्य एका गोष्टीत एकमत आहेत: आजारी माणसासमोर उभे राहून आरोपी शोधू नये.

तथापि आईची बाजू येथे वाटते तितकी सोपी नाही. तुझा काही दोष नाही, हा निव्वळ योगायोग आहे, असे जेव्हा तिला सांगितले जाते तेव्हा ती सुटकेचा निःश्वास टाकील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात कित्येक आया तो खुलासा कानांआड करतात आणि नवसाच्या मागे लागतात. मला वाटते, योगायोगापेक्षा अपराध सोसण्यास सोपा असतो. अपराधाला प्रायश्चित्त असते, उपवास असतो, अनवाणी जाण्यास देऊळ असते. योगायोगापुढे माणसाला करण्यासारखे काही उरत नाही, आणि आईला काही न करता बसणे अशक्य. म्हणून नुसते निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र तिला पुरत नाही. कर्तव्यही द्यावे लागते.

ते देण्याची सोय आपल्याच परंपरेत आहे, आणि ती चरकाने केली आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तो पूर्वदेहातील कर्माला दैव आणि या देहातील कर्माला पुरुषकार म्हणतो, आणि दुर्बळ दैवावर बलवान पुरुषकार मात करतो असे सांगून पुढे विचारतो की, सर्वांचे आयुष्य आधीच ठरलेले असेल तर औषधे कशाला, आणि उन्मत्त हत्ती समोरून आला तर बाजूला तरी कशाला व्हावे! टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्य एकाच प्रकरणाच्या मथळ्यात बसविले, ते याच वाटेने. कर्माचा सिद्धांत पाठीमागे पाहून वाचला की आरोपपत्र होतो, पुढे पाहून वाचला की हुकूमनामा.

या गाठीपुरता तो पुरुषकार म्हणजे सुई. वैद्य क्ष-किरणांच्या पडद्यावर आणि ध्वनिलहरींच्या यंत्रावर पाहत गाठीत सुई घालतो, आधी रंगद्रव्य सोडून रक्त कोणत्या वाटेने मुख्य शिरेकडे वाहते त्याचा माग काढतो, आणि मग तेथे शिरेचे अस्तर जाळणारे द्रव्य भरतो. ते निर्जल मद्यार्क असेल, सोडियम टेट्राडेसिल सल्फेट असेल, पोलिडोकॅनॉल असेल किंवा मुळात कर्करोगासाठी वापरात आलेले ब्लिओमायसिन असेल. तेस्सारी या इटालियन वैद्याची युक्ती तर अशी की, दोन पिचकाऱ्या तीन तोंडांच्या तोटीला जोडून औषध आणि हवा यांना इकडून तिकडे ढकलीत राहावे, म्हणजे त्याचा फेस होतो. तो रक्ताला बाजूस सारून शिरेच्या भिंतीला चिकटतो आणि थोडक्या औषधात काम भागते. अस्तर जळाले की आत गुठळी होते, सूज येते, आणि काही आठवड्यांनी तेथे व्रणतंतू होऊन पोकळी आक्रसते. इलाज म्हणजे येथे योजून केलेली इजा आहे. मद्यार्क त्यांत सर्वांत जालीम. तो निसटला तर कातडी मरते, मज्जातंतू दुखावतो, आणि क्वचित तो हृदय-फुप्फुसांकडे गेल्यास जिवावरही बेततो, म्हणून त्याचे प्रमाण रोग्याच्या वजनावर बांधलेले असते. मुळव्याधीवर क्षार लावणाऱ्या सुश्रुताला यात नवल वाटले नसते. अहिंसेचा विचार करणारांनी मात्र येथे थोडे थांबावे; हेतू शुद्ध आहे एवढ्याने वैद्याची हिंसा क्षम्य ठरत नाही, तिला मापही लागते, आणि माप चुकले तर शुद्ध हेतूने कातडी परत येत नाही.

इतके करूनही गाठ बहुधा समूळ जात नाही. एकदा, दोनदा, पुष्कळदा सुई घ्यावी लागते. मिटलेल्या शिरा काही वर्षांनी पुन्हा उघडतात, शेजारच्या फुगतात, घट्ट पायमोजा घालावाच लागतो. ईश्वरकृष्ण सांख्यकारिकेच्या आरंभीच म्हणतो की दुःखावरील दृष्ट उपाय ऐकांतिकही नाहीत आणि आत्यंतिकही नाहीत, म्हणून तत्त्वजिज्ञासा करावी. या सुईला त्याचे दोन्ही आक्षेप तंतोतंत लागू आहेत: गुण येईलच असे नाही, आणि आलेला टिकेलच असे नाही. पण त्यावरून दृष्ट उपायाला गौण लेखण्याची जी सवय आपल्या दर्शनांनी लावली तिच्याशी माझा विरोध आहे. चरकाने साध्य आणि त्याज्य यांच्यामध्ये याप्य असा एक वर्ग ठेवला होता, जो आजार बरा होत नाही पण उपचार चालू आहे तोवर माणसाला नांदू देतो. तत्त्वज्ञांनी बंध आणि मोक्ष यांच्यामध्ये तसे घर फारसे बांधलेच नाही, आणि ज्या मुलीला पायाच्या ठणक्यामुळे शाळेच्या दोन जिन्यांवर थांबावे लागे तिला आता एकाच जिन्यावर थांबावे लागते, या फरकाची नोंद करण्यास त्यांच्या वहीत रकाना नाही. तो रकाना कोणी भरावा हाही प्रश्न आहेच. जी गाठ दुखत नाही आणि अडवत नाही तिला वैद्य सुई लावीत नाहीत. दुखते किती आणि अडते कोठे हे मात्र वैद्याला, आईला किंवा प्रारब्धाची चौकशी करणाऱ्या कोणालाच ठाऊक नसते, ते त्या मुलीलाच विचारावे लागते.