जो बसतो, त्याला विचारा

वस्तू जुनी झाली की तिचं काय करायचं, हा प्रश्न शहरात बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवर सुटतो. खेड्यात तो ओसरीवर येऊन बसतो आणि चांगला दोन-दोन महिने मुक्काम करतो. बैल थकला की असंच व्हायचं. पोसावा तर वैरण पुरत नाही, विकावा तर मन होत नाही, आणि कुणाला द्यावा तर घेणारा त्याचं पुढं काय करील याचा भरवसा नाही. घरातली माणसं जेवताना त्याच विषयावर यायची. आता गोठ्यात बैल कमी आणि शेडात ट्रॅक्टर जास्त झाले, पण प्रश्न तोच राहिला. यंत्राला जीव नाही, मग हा प्रश्न सोपा व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि का झाला नाही याचा विचार करण्यासारखा आहे.

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात आबांनी 1978 साली भूविकास बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. एचएमटीचा झेटर, 2 सिलिंडर, 25 हॉर्सपॉवर. मूळ बनावट चेकोस्लोव्हाकियाची. तिथल्या सहकार्यानं एचएमटीनं 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यात हे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली होती. आज त्याच्यापुढं हा ट्रॅक्टर खेळण्यातला वाटेल. त्या काळी मात्र ज्या काळ्या रानात चार बैलांचा नांगर दिवसभर चालायचा, तिथं हा दुपारपर्यंत काम उरकायचा. बँकेचे हप्ते फिटले. पुढं भूविकास बँकच बंद पडली. 2016 साली केंद्र सरकारनं एचएमटीचा ट्रॅक्टर विभागही बंद करायचं ठरवलं. पैसे देणारी बँक गेली, यंत्र बनवणारा कारखाना गेला, घेणारे आबा गेले. ट्रॅक्टर राहिला.

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात त्यानं अंग टाकायला सुरुवात केली. सकाळी सेल्फवर उठेना. रात्री उतारावर लावून ठेवायचा आणि सकाळी ढकलून गिअरमध्ये चालू करायचा, असं रोजचं झालं. नांगराला लावला की मागं निळा धूर. चाळीस-बेचाळीस वर्षं राबलेल्या यंत्राचं हे वय बोलत होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. घरात तीन मतं पडली. पुतण्या म्हणाला, "भंगारात घाला, नवा 45 हॉर्सपॉवरचा काढू." धाकटा भाऊ म्हणाला, "विकून टाकू आणि भाड्यानं करून घेऊ, सहा एकराला ट्रॅक्टर कशाला दारात?" आणि गल्लीतली सगळी म्हातारी माणसं म्हणाली, "आबांची आठवण हाय, मोडू नका."

मिस्त्री आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा पान्हा काढला नाही. त्यानं विचारलं, "मॉडेल कुठलं? साल कुठलं?" आम्ही बॉनेटकडं बोट दाखवलं. तो हसला. बॉनेट दुसऱ्या ट्रॅक्टरचं होतं. रंग तीनदा मारलेला, पुढचा एक्सल बदललेला, स्टार्टर सोलापूरच्या जुन्या बाजारातला. कंपनीच्या पत्र्याच्या पट्टीवरचे आकडे गंजून गेले होते. मग त्यानं इंजिनच्या ब्लॉकवरची माती आणि ऑइलचा थर डिझेलनं धुतला, तेव्हा ठोकलेला नंबर दिसला. तो आणि आरसी बुकातला नंबर जुळला. "आता कळलं कुणाचं औषध करायचंय ते," म्हणाला. स्पेअर मागताना मॉडेल चुकलं तर लायनर-पिस्टनचा सेट बसत नाही, बेअरिंग सैल पडतं. बंद पडलेल्या कंपनीच्या मालात तर दुकानदार चुकून आणलेली वस्तू परतही घेत नाही.

जुना जाणता प्रश्न आहे, की एखाद्या नावेची एकेक फळी बदलत गेलं तर शेवटी नाव तीच राहते का? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात त्यावर पानंच्या पानं आहेत. आमच्या मिस्त्रीचं उत्तर आरटीओच्या उत्तराशी जुळतं: नंबर तोच, तर ट्रॅक्टर तोच. व्यवहाराला हे उत्तर पुरतं. पण मोडू नका म्हणणाऱ्यांनी थोडं थांबून बघायला हवं, की आठवण नेमकी कशाला चिकटली आहे. आबांचा हात ज्या स्टेअरिंगवर होता ते चक्र केव्हाच बदललंय. सीट बदललंय. आठवण माणसांत असते, लोखंड फक्त तिला बसायला जागा देतं. म्हणून आठवणीपोटी दुरुस्ती करायची असेल तर अवश्य करावी, पण तिच्या नावाखाली यंत्राची खरी अवस्था झाकू नये.

ती अवस्था मिस्त्रीनं अर्ध्या तासात सांगितली. धुराची भाषा एकदा कळली की कुणालाही वाचता येते. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा नोझल डिझेल नीट फवारत नाही. एअर फिल्टर साफ करून आणि नोझल तपासून बऱ्याचदा भागतं. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा आत पाणी शिरतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा आणि लायनर झिजलेत. त्यानं ऑइल भरायचं झाकण काढलं तर तिथून भसाभसा वाफ आल्यागत धूर आला. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय," म्हणाला. डिपस्टिकचं ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी मिसळलेलं नाही, ब्लॉक शाबूत आहे. क्रँक मात्र आधी दोनदा घासलेला. "अजून एकदा घासता येईल. पुढं नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. क्रँक घासायचा म्हणजे झिजलेला भाग सारखा करण्यासाठी त्याचं थोडं लोखंड काढून टाकायचं आणि त्या मापाचं जाड बेअरिंग बसवायचं. दर दुरुस्तीत वस्तू थोडी कमी होते. दुरुस्तीलाही आपलं एक आयुष्य असतं.

हिशोब मांडला. इंजिनचं सगळं काम, पंप-नोझल आणि मजुरी धरून 55 हजार. नवा ट्रॅक्टर 7 लाखांच्या पुढं. जमीन तारण, सहामाही हप्ता, आणि हप्ता पाऊस बघून येत नाही. आमचं काम वर्षाकाठी अडीचशे तासांचं. तेवढ्यासाठी 7 लाखांचं यंत्र दारात उभं करणं म्हणजे ट्रॅक्टर आपल्यासाठी राबत नाही, आपण ट्रॅक्टरसाठी राबतो. भाड्याचा पर्याय खरोखर स्वस्त होता. त्याची अडचण एकच: वाफसा सगळ्या गावाला एकाच दिवशी येतो, आणि भाडेवाला आधी मोठ्या रानात जातो. ज्वारीची पेरणी आठ दिवस लांबली की ओल खाली जाते. त्या आठ दिवसांची किंमत वहीत लिहिता येत नाही.

आकडे असे सगळ्या बाजूंनी ओढत होते. तेव्हा आई म्हणाली, "तुमी सगळी बोलताय. जो बसतो, त्याला इचारा की."

आमचा गडी अठरा वर्षं त्या सीटवर बसतोय. घरात पैशाचा विषय चालू असला की गड्यानं मध्ये बोलायचं नाही, ही गावाची रीत. आईनं विचारलं म्हणून तो बोलला. "काकू, इंजनाचं मागनं बघा. इंजान बंद पडलं तर जाग्याव थांबंल. आदी ब्रेक बघा. दोनी पायडल सारखी धरत न्हाईत, डावं आदी लागतं. वढ्याच्या उतारावर मागनं ट्रॉली ढकलती अन् गाडी आडवी व्हाया बघती."

ज्यांनी ट्रॅक्टर चालवलाय त्यांना यात काय आहे ते लगेच कळेल. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक असतात, शेतात कोपऱ्यावर वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर दोन्ही पॅडल पट्टीनं जोडायची असतात आणि दोन्हीकडं ब्रेक सारखा लागायला हवा असतो. एका बाजूला आधी लागला आणि मागं भरलेली ट्रॉली असली, तर ट्रॅक्टर उलटायला फार वेळ लागत नाही.

इतके दिवस निळ्या धुरावर चर्चा चालली होती, कारण धूर ओसरीवरून दिसतो. ब्रेक फक्त सीटवरून कळतो. मला वाटतं, जुन्या वस्तूच्या प्रश्नातली नीती इथं सुरू होते. मालक वस्तूची किंमत बघतो, वारसदार आठवण बघतो, पोरं नवेपणा बघतात. यातलं काहीच खोटं नाही. पण वस्तूचा धोका ज्याच्या अंगावर येतो त्याचा शब्द पहिला धरला पाहिजे. परवडत नाही म्हणून धूर सहन करता येतो, सकाळी ढकलणंही चालतं. पण परवडत नाही म्हणून दुसऱ्याच्या जिवावर उतार उतरायचा, याला काटकसर म्हणता येत नाही. तसा ट्रॅक्टर उभा केलेला बरा.

विकण्याचा पर्यायही तपासला. दलाल आला, फिरून बघितलं आणि म्हणाला, "रंग मारा. घट्ट ऑइल घाला, आठ-पंधरा दिवस धूर दबतो. गरम करून ठेवा, गिऱ्हाईक आलं की एका सेल्फात चालू." बाजाराची ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि घेणाराही ठाऊक असूनच येतो असं म्हणून माणसं मन राखतात. पण 25 हॉर्सपॉवरचा चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर घ्यायला येतो कोण? दोन-तीन एकरवाला. ज्याला नवा परवडत नाही, ज्याच्याकडं मिस्त्रीला सोबत आणायला भाड्याचे पैसे नाहीत. आपल्या दारातला ब्रेक रंग मारून त्याच्या उतारावर पाठवायचा, तर प्रश्न सुटत नाही, त्याचा पत्ता बदलतो. विकायचाच तर दोष सांगून विकावा. किंमत निम्मी येते, पण ती किंमत खरी असते.

देखभालीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण दुरुस्तीचा कौल बराचसा तिथंच ठरलेला असतो. आबांची एक वही होती. ट्रॅक्टरचं तास मोजायचं मीटर लवकरच बंद पडलं, म्हणून ते डिझेलच्या कॅनवरून तास धरायचे आणि अडीचशे तास झाले की इंजिन ऑइल बदलायचे. रोज सकाळी डिपस्टिक आणि रेडिएटरचं पाणी. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टरच्या वाटीतलं ऑइल बदलायचं, कारण रानातली माती आत गेली की लायनरला कानसीसारखी घासते. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडायचं. पुढच्या चाकांना ग्रीस. यातल्या कशाचाही फोटो निघत नाही, कुणी कौतुक करत नाही. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन हळदीकुंकू आणि झेंडूचा हार घालतो, ते सगळं गाव बघतं. पूजा जरूर करावी. पण ज्या यंत्राला वर्षात एकदा हार मिळतो आणि ऑइल मिळत नाही, त्यानं दगा दिला असं म्हणायचा अधिकार मालकाला उरत नाही. हे यंत्राइतकंच माणसालाही लागू आहे. म्हाताऱ्या आई-बापाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो आणि डोळ्यांतल्या थेंबांची बाटली संपलेली कुणाला ठाऊक नसते.

शेवटी आम्ही दुरुस्ती केली, पण क्रम बदलून. आधी ब्रेकचे लायनर, दोन्ही बाजूंचं जुळवणं, पॅडलची पट्टी, स्टेअरिंगमधला ढिलेपणा. मग इंजिन. काही भाग नवे मिळाले, काही भंगारात गेलेल्या दुसऱ्या झेटरचे. आणि घरात दोन गोष्टी ठरल्या. भरलेली ट्रॉली घेऊन हा ट्रॅक्टर आता रस्त्यावर जाणार नाही; त्या कामाला भाड्याचा. हा फक्त रानात चालेल, पेरणीला आणि कोळपणीला. दुसरी गोष्ट आबांच्या वहीतच लिहून ठेवली: क्रँक पुन्हा गेला, किंवा ब्लॉकला चीर पडली, की थांबायचं. तेव्हा ओसरीवर चर्चा नको. रंग मारून विकायचा नाही, शेडात गंजत ठेवायचा नाही. मिस्त्रीला द्यायचा, म्हणजे त्याचे चांगले भाग कुणाच्या तरी ट्रॅक्टरला लागतील, जसे दुसऱ्याचे आमच्याला लागले.

पुतण्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, दोन-चार वर्षांसाठी एवढे पैसे घातले. त्याच्या वयाला दोन-चार वर्षं थोडी वाटतात. पण दोन-चार वर्षं वेळेवर पेरणी आणि डोक्यावर हप्ता नाही, ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशोबात लहान रक्कम नव्हे. थांबायचं कुठं हे आधीच लिहून ठेवलं असल्यानं त्या दिवशी मन आड येणार नाही, असं मला वाटतं. गडी आता वढ्याच्या उतारावर दोन्ही पॅडल जोडून उतरतो. मागं ट्रॉली नसते, पेरणीयंत्र असतं. परवा विचारलं, कसं वाटतंय? म्हणाला, "गप उतरतंय."