मायेची सबब

ज्यांचे बालपण कोकणात गेले, त्यांना थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढून घ्यावयाची एक चादर, एवढीच ठाऊक असते. बदलीने आम्हांस जबलपुरास आणून सोडले, तेव्हा त्या शब्दाचा खरा अर्थ कळला. उत्तरेत बर्फ पडून आकाश निवळले, की इकडे वारा बोचू लागतो. नर्मदेवर धुके साचते आणि जानेवारीतील काही रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो.

त्या पहिल्या हिवाळ्यात आमचे मूल दहा महिन्यांचे होते. गावाहून आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी पाठविली होती. मुलाने रात्रभर ती लाथाडावी आणि आम्ही उठून पुन्हा घालावी, असा क्रम चाले. अखेर एका रात्री आम्ही कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवली, दारे-खिडक्या लावल्या आणि फटींतून कापडाचे बोळे कोंबले. आपण आदर्श पालक आहोत, अशा समाधानात आम्ही झोपी गेलो.

मध्यरात्री डोके ठणकून सौ.ना जाग आली. मूल हलविले तरी जागे होईना. दार उघडून आम्ही त्याला व्हरांड्यात नेले; ज्या थंडीपासून त्याला वाचवीत होतो, त्याच थंडीत. काही क्षणांनी ते रडले. त्या रडण्याइतका गोड आवाज आम्ही पूर्वी ऐकला नव्हता आणि पुढेही ऐकला नाही. तसेच त्याला डॉक्टरांकडे नेले. कोळसा कोंडलेल्या जागेत जळला, की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून बसतो. लहान मुलांचा श्वास जलद असल्याने त्यांना तो लवकर बाधतो. हे सारे त्या रात्री आम्हांस प्रथमच नीट कळले.

सांत्वनाला आलेले सारे एकच वाक्य बोलले : "तुम्ही मायेपोटीच केलेत ना?" त्या वाक्याने आम्हांस दिलासा मिळावयास हवा होता, पण मिळाला नाही. माया होती म्हणून दोष नाही, हे खरे मानावे काय? कचेरीत 'नियम ठाऊक नव्हता' ही सबब कोणी ऐकून घेत नाही, आणि तेथे तर बहुधा कागदच इकडचा तिकडे झालेला असतो. घरात जीव पणाला लागतो आणि तेथे मात्र हेतूच्या निर्मळपणावर आपण सुटू पाहतो!

याला प्रत्युत्तर आहे. सर्वज्ञ कोण असतो? आमच्या आजीचेच पाहा. अशक्त नातवंडाला ती पदराखाली, उघड्या छातीशी धरून रात्र काढी. 1978 साली कोलंबियातील बोगोटा शहरी, ऊबपेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना आईच्या त्वचेशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आज ती जगभर मान्य आहे. म्हणजे आजी बरोबर होती. पण तीच आजी तान्ह्याच्या तोंडावरून पांघरूण घेई. आता डॉक्टर सांगतात, की वर्षाच्या आतील मुलाला उताणे निजवावे, त्याच्यापाशी सैल पांघरुणे ठेवू नयेत, अंगासरशी कपड्यांचे थर चढवावेत. अति उष्णताही घातक असते. येथे आजी चुकली. तथापि तिला दोषी म्हणवत नाही. तिच्या काळी ते ज्ञानच तिच्या आवाक्यात नव्हते.

आमची गोष्ट निराळी होती. आमच्यापासून डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता. आम्ही विचारले नाही, कारण माया असताना विचारावयाचे काय, असे आम्हांस वाटले. न कळणे हा दोष नव्हे. कळण्याजोगे असून न विचारणे हा दोष होय. अज्ञानाचे माप प्रत्येकाच्या आवाक्यावरून ठरले पाहिजे.

आणि ज्याच्या आवाक्यात ते नाही, त्याचे काय? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना नवजात अर्भकांची घरच्या घरी देखभाल करण्याचे शिक्षण दिले. अर्भकाचे वजन करणे, ताप पाहणे, त्याला ऊबदार पिशवीत ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, असे ते काम होते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 39 गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. त्यात जंतुसंसर्गावरील उपचारांचा वाटा मोठा होता. परंतु तेथील मातांची माया आधी कमी होती आणि मग वाढली, असे कोण म्हणेल? माया तीच होती. तिच्यापर्यंत ज्ञान पोहोचले.

एवढा विचार झाल्यावर आम्ही उत्साहाने आमच्या इमारतीच्या चौकीदाराकडे गेलो. त्याच्या खोलीतही रात्री शेगडी असे. आम्ही त्याला वायूचे सारे शास्त्र समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, शेगडी बाहेर ठेवली तर चार वर्षांची मुलगी पहाटेपर्यंत कशाने काढील? घरात एकच रजाई होती.

आम्ही निरुत्तर झालो. आम्हांस जे अज्ञान वाटले होते, त्यातले अर्धे दारिद्र्य होते. धोका ठाऊक असूनही तो पत्करणे ज्याला भाग आहे, त्याला केवळ धोका सांगणे म्हणजे आपल्या मनावरचे ओझे त्याच्या मनावर टाकणे होय. त्याच आठवड्यात आम्ही पिंजाऱ्याकडून आणखी एक रजाई भरून घेतली. यात पुण्य काही नव्हते. सांगितलेल्या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा पुरा केला.

आता आमचे मूल स्वतः पांघरूण ओढून घेण्याइतके मोठे झाले आहे. तरी रात्री जाग आली की आमचा हात त्याच्या मानेमागे जातो. हातपाय गार लागले म्हणून घाबरावयाचे नसते. मान आणि छाती उबदार असली की पुरे, हे आम्ही विचारून घेतले आहे.