मेणकापडावरील छिद्र

शिवणकामास नव्याने बसलेल्या मुलाच्या हाती प्रथम लोकरीचा नमदा, म्हणजे आज बाजारात फेल्ट या नावाने मिळणारे जाड कापड द्यावे, हा प्रघात सर्वथा सयुक्तिक आहे. कारण उष्णता, ओलावा आणि घर्षण यांच्या योगे लोकरीचे तंतू परस्परांत गुंतून ते सिद्ध होत असल्यामुळे त्यास उभा-आडवा धागा नसतो, कापलेली कड सुटत नाही, आणि वाकडा गेलेला धावदोरा उसवला की सुईने केलेली वाट ते तंतू बहुतांशी मिटवून टाकतात. मेणकापडाचा स्वभाव निराळा. सुती कापडावर जवसाच्या तेलाचे लेप देऊन ते पूर्वी बनवीत, आज त्या जागी बहुधा प्लास्टिकचा थर असतो. परंतु दोहोंतही सुई एकवार शिरली की छिद्र कायम राहते, म्हणूनच जाणते लोक त्याच्या कडा टाचणीऐवजी चापाने धरतात.

ओल्या पंचासाठी मेणकापडाची थैली शिवताना एखाद्या मुलीचा टाका भलतीकडे गेला, तिने तो निमूटपणे उसवला, आणि “चूक सुधारली, मग भोक का राहिले?” असे विचारले, तर तो प्रश्न धर्मशास्त्राच्या दप्तरी फार पूर्वीच दाखल आहे, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. अज्ञानाने घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, बुद्धिपुरःसर केलेल्या पापाचा कर्ता मात्र केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे त्याच्याशी संबंध ठेवण्यास समाजाची हरकत उरत नाही, असा निवाडा याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. वेदान्ती तर ज्ञान्याचेही प्रारब्ध भोगावाचून सरत नाही, असे मानतात.

मुलीचा दोष अज्ञानकृत होता, तो गेला, हे तिला निःसंदिग्धपणे सांगितलेच पाहिजे. तिला रागे भरणे हा अन्याय होय. परंतु दयेपोटी “काहीच झाले नाही” असे म्हणणे हेही मला तितकेच अनुचित वाटते, कारण ते तिच्या डोळ्यांस दिसणाऱ्या सत्याच्या विरुद्ध आहे. पाप कर्त्याच्या ठायी असते, परिणाम वस्तूच्या ठायी. पहिल्याची निष्कृती झाली म्हणून दुसऱ्याचा लोप होत नाही. परगृहातून अल्प मोलाची वस्तू चोरणाऱ्यास मनुस्मृती सांतपन कृच्छ्र हे उपासाचे प्रायश्चित्त सांगते, पण ती वस्तू धन्यास परत करण्याचीही अट त्यासोबत घालते, ती याच विवेकाने, असे मी समजतो. कितीही उपास केले तरी ज्याची वस्तू गेली त्याचे घर त्याने भरत नाही.

तेव्हा मुलीस दोन सूत आत नवी रेघ आखून द्यावी, त्या रेघेवर तिच्याकडूनच पुन्हा शिवून घ्यावे, आणि छिद्रांची जुनी कड तिलाच कापू द्यावी. थैली योजल्यापेक्षा किंचित लहान होईल. पंचा तीत मावेल.