सावलीतली माकडं



मागच्या सत्संगात प्रश्न निघाला होता: नाइलाजाने दाखवलेल्या सहनशीलतेला गुण म्हणायचं का? बरेच जण म्हणाले, नाही, ती मजबुरी. आम्हाला तेव्हापासून एका बेटावरची माकडं आठवताहेत.

पोर्तो रिकोजवळ कायो सांतियागो हे जेमतेम 15 हेक्टरचं बेट. 1938 साली अभ्यासासाठी भारतातून चारशेच्या वर माकडं तिथे नेऊन सोडली. मथुरा-ग्वाल्हेरकडे दिसतात तीच, लाल तोंडाची. आज तिथे त्यांचाच वंश नांदतोय. खाणं माणसं देतात. पिंजरा नाही, पण चहूकडे समुद्र, जाणार कुठे?

ही जात मोठी भांडकुदळ. थोरला बसला तिथे धाकट्याने फिरकायचं नाही! मग सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळ आलं आणि निम्म्याहून जास्त झाडी गेली. उघड्यावर पारा 40 अंशांच्या वर, आणि सावली मोजकीच. कुणालाही वाटेल, आता मारामाऱ्या वाढणार. झालं उलटंच. अभ्यासकांना दिसलं की भांडणं कमी झाली, माकडं एकमेकांना सावलीत जवळ बसू देऊ लागली. जी जास्त सामावून घेत, ती जगण्याची शक्यताही जास्त. वादळाआधी असा फरक पडत नव्हता.

म्हणजे मजबुरीच की! इथवर सत्संगातली मंडळी बरोबर. पण एक बारीकशी नोंद पुढे आहे. दुपारी सावली वाटून घेणारी माकडं सकाळीही, ऊन चढायच्या आधी, एकमेकांसोबत दिसू लागली. तेव्हा तर सावलीची ओढाताण नसते.

आम्हाला ही सकाळ महत्त्वाची वाटते. मे महिन्यात लू सुटली की एका कूलरपुढे सगळं घर झोपतं. जावा-जावा, आतेभाऊ, दिवाळीपासून अबोला असलेले काकासुद्धा. ते काही प्रेमाने नव्हे. पण अंधारात कुणीतरी पाणी मागतं, दुसरा उठून देतो. नामाला तरी पहिल्या दिवशी गोडीने कोण बसतं? आजी डोळे वटारते म्हणून बसतो. सुरुवात कशी झाली यावरून गुण खोटा ठरवला, तर आपल्यातल्या कितीजणांचा खरा निघेल?

बेटावरची झाडी 2024 पर्यंतही पुरती सावरली नव्हती. सावली परतल्यावर माकडं काय करतील, ते तिकडे कळेलच. आपल्याकडे पाऊस लागला, कूलर माळ्यावर गेला. आता काकांची गादी कुठल्या खोलीत पडते?