भय ओसरल्यावर राई कोण राखील?

देवळाच्या पाठीमागची किंवा गावाच्या वेशीवरची राई ही आपल्या पेडणे-डिचोली भागातील अनेक गावांना पूर्वजांकडून मिळालेली ठेव आहे. कोणी तिला देवराई म्हणतात, कोणी देवाची राय, तर कोणी देवचाराची राय. नाव काहीही असो, नियम बहुधा एकच: आत कोयता न्यावयाचा नाही, ओली फांदी मोडावयाची नाही, लाकूड लागलेच तर ते देवकार्यासाठी, आणि तेही कौल घेऊन. हा नियम कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता आणि तो मोडणाऱ्यास पकडावयास कोणी शिपाई येत नसे. तरीही तो पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. तो का पाळला गेला, आणि ते कारण आज शिल्लक आहे काय, याचा विचार आपण सर्व भाविक कुटुंबांनी मिळून करावा, एवढ्याचसाठी पूजाअर्चेच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्या अल्पशिक्षित तरुणाने लेखणी हाती घेतली आहे.

राई राखली गेली ती मुख्यतः भयाने, हे प्रथम मान्य केले पाहिजे. राखणदार वाट अडवील, घरात आजारपण येईल, गुरे मरतील, अशी समजूत होती. आज ते भय ओसरले आहे. गावोगाव शाळा झाल्या, रात्री दिवे लागू लागले, राईच्या कडेने डांबरी रस्ता गेला. शिकलेला मुलगा देवचाराच्या गोष्टीला हसतो, आणि त्याने हसू नये असे मी म्हणणार नाही. अज्ञानातून उपजलेले भय जावे हे चांगलेच. परंतु भय गेले त्या जागी काय आले? विवेक आला असता तर काळजीचे कारण नव्हते. पुष्कळ ठिकाणी मात्र त्या जागी जमिनीचा दर आला. कालपर्यंत जेथे पाय ठेवण्यास मन कचरत होते, तेथे आज चौरस मीटरचा भाव विचारला जातो.

येथे एक नीतीचा प्रश्न उभा राहतो. भयाने राखलेली राई धर्माने राखली असे म्हणावे काय? एक मनुष्य पहारेकरी उभा आहे म्हणून परक्याच्या बागेतील नारळ पाडीत नाही. दुसरा, नारळ परक्याचा आहे म्हणून पाडीत नाही. बागेच्या मालकाला दोघांपासून सारखाच लाभ आहे. दोघांतील अंतर कळते ते पहारेकरी निघून गेल्यावर. आपल्या पूर्वजांपुढे पहारेकरी सदैव उभा होता; त्यांची परीक्षा पुरती झालीच नाही. आपल्या पिढीपुढून मात्र तो निघून गेला आहे. तेव्हा राई धर्माने राखण्याची संधी खऱ्या अर्थाने प्रथम आपल्याच वाट्याला आली आहे, असे मला वाटते.

पूर्वजांचे भय भाबडे होते असे म्हणून त्यांना हिणवणेही योग्य नव्हे. त्या भयाच्या कवचात मोठे शहाणपण सांभाळलेले होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो बहुतेक चार महिन्यांतच, आणि जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावरून तो ओहोळांतून नदीला व नदीतून समुद्राला जाऊन मिळतो. राईत मात्र वरच्या पानोळ्यावर पावसाचा मारा सौम्य होतो, खाली कुजलेल्या पाचोळ्याचा थर पाणी शोषून घेतो आणि मुळांच्या वाटेने ते जमिनीत मुरते. म्हणूनच राईच्या पोटाशी झर, झरीखाली तळी, आणि तळीच्या पाण्यावर कुळागर, अशी रचना आपणास कितीतरी गावांत दिसते. शेजारच्या सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राई आहे. तेथे पाणथळ जागी रानजायफळाच्या कुळातील दुर्मीळ वृक्ष असून त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात. देवाच्या नावाने ती जागा राखली गेली, म्हणूनच ते वृक्ष आज पाहावयास मिळतात. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले. गोव्यात श्री. राजेंद्र केरकर यांनी अशा स्थानांविषयी सातत्याने लिहिले आहे. खेडुताने भयाने जपले, त्याचीच महती शास्त्राने अभ्यासाने पटवून दिली.

कोणी म्हणेल, भय गेले तरी कायदा आहे ना? आहे, आणि तो हवाच. १९८० मध्ये वनसंवर्धनाचा कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जमीन कोणाच्याही मालकीची असो, जी शब्दाच्या अर्थाने वन आहे तिला वनाचेच संरक्षण मिळाले पाहिजे. त्यानंतर खाजगी वने शोधण्यासाठी गोव्यात समित्या नेमल्या गेल्या व निकष ठरले: शेकडा ७५ झाडे वनवृक्षांची असावीत, पानोळ्याची दाटी ०.४ पेक्षा कमी नसावी, आणि जागा सरकारी वनाला लागून नसेल तर ती किमान ५ हेक्टर असावी. हे निकष सैल करावेत या मागणीवर बरीच वर्षे वाद चालला; २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आहेत तेच कायम ठेवले. आता आपल्या देवळामागची राई डोळ्यांपुढे आणा. ती एक-दोन एकरांची असेल, तर पाच हेक्टरांच्या मापात ती कोठे बसणार? अभयारण्ये सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांत आहेत. पेडणे व डिचोली यांत वन्यप्राण्यांचे एकही अभयारण्य नाही. १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा परवानगीवाचून झाड तोडू देत नाही हे खरे. परंतु तो झाडे एकेक करून मोजतो, आणि राई ही झाडांची बेरीज नव्हे.

याचा अर्थ कायदा निरुपयोगी असा नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवरायांच्या, म्हणजे तेथील ओरणांच्या, प्रकरणी निकाल देताना अशा स्थानांचे मोजमाप व नोंद करण्यास त्या राज्याला सांगितले, आणि देशभरातील देवरायांसाठी धोरण आखावे अशी शिफारस केंद्र सरकारला केली. ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि कायदा हा शेवटी दुसरा पहारेकरीच होय. त्याची व्याख्या आज एक असते, उद्या दुसरी होते. २०२३ मध्ये वनकायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा वन कशास म्हणावे हाच प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे गेला. ज्या गावाला आपली राई हवी आहे, त्या गावाच्या हातात कायदा हे उत्तम शस्त्र ठरते. ज्या गावाला ती नको आहे, तेथे कायद्यातून वाट काढणारे भेटतातच.

मोरजीची मोरजाई आणि शिरगावची लईराई या बहिणी मानल्या जातात. एकीचा तालुका पेडणे, दुसरीचा डिचोली. एका बहिणीच्या तालुक्यात मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्यासाठी हजारो झाडे पडली. दुसरीच्या तालुक्यात खनिजासाठी डोंगर कापले गेले, आणि खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्याने शिरगावच्या विहिरींवर काय ओढवले हे तेथील लोकच सांगतील. खाणीने अनेक घरांच्या चुली पेटवल्या, विमानतळाने काही तरुणांना काम दिले, हेही नाकारता येत नाही. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे की, एकाच्या बदल्यात दहा झाडे लावली की हिशेब मिटला, ही जी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे ती खरी नव्हे. खाणीच्या ढिगांवर ओळीने वाढलेले ऑस्ट्रेलियन अकेशिया हिरवे दिसतात, पण त्या ओळींत राईचा संसार नसतो. राईत किंदळ, माट्टी, सातवीण, नागकेशर असे वृक्ष, त्यांवर वेली, खाली झुडपे, त्याखाली बुरशी व कृमी, आणि बी दूरवर नेणारा धनेश असा मोठा परिवार नांदतो. तो जमण्यास शतके लागतात, आणि कोणत्याही निविदेने तो पुन्हा मागवता येत नाही.

आता अवघड गोष्टीकडे वळतो. राई तोडणारा नेहमी परकाच असतो काय? जीर्णोद्धार, सभागृह, फरसबंदी, वाहनतळ, या कामांसाठी देवळाभोवतीची झाडे देवाच्याच नावाने पडू लागली आहेत. कंत्राट आधी ठरते आणि कौल मागाहून लावला जातो. पाकळी उजवीकडून पडेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणे याला देवाची आज्ञा घेणे म्हणत नाहीत. आपल्या इच्छेवर देवाची सही घेणे म्हणतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. देऊळ जिवंत माणसांसाठी आहे. जत्रेला येणाऱ्या वृद्धांना सावली हवी, लग्नामुंजीला जागा हवी, वाहने रस्त्यावर उभी राहिली तर अपघात होतात. दोन एकर झाडांसाठी भाविकांनी गैरसोय का सोसावी? या गरजा खोट्या नाहीत. परंतु जागा कोणाची, हा प्रश्न त्यांच्याही आधी येतो. आपल्या देशातील न्यायालयांनी देवतेला अल्पवयीन बालकासारखे मानून तिच्या मिळकतीचे रक्षण करण्याचे तत्त्व सांगितले आहे. व्यवस्थापक हा पालक. पाल्याची मिळकत वाढवणे हे पालकाचे कर्तव्य. मुलाच्या नावचे दागिने मोडून घराला रंग देणारा पालक, रंग कितीही सुंदर असला तरी, दोषीच ठरतो. सभागृह मोकळ्या जागेत, थोडे दूर किंवा थोडे लहान बांधता येते. राई दूर नेता येत नाही. ज्याला पर्याय आहे त्याने, ज्याला पर्याय नाही त्याला वाट द्यावी, हा न्याय आपण घरातही पाळतो.

राखणे म्हणजे कुलूप लावणेही नव्हे. पूर्वजांनी रानाचा उपयोग केला, पण व्याज खाल्ले आणि मुद्दल सोडले. आपणही तसेच करावे. राईची हद्द मोजून देवस्थानच्या दप्तरात व एक-चौदाच्या उताऱ्यावर तिची स्पष्ट नोंद असावी. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या रानांत वणवे पेटले तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले. आपल्या राईभोवती उन्हाळ्यापूर्वी कडेचा पाला झाडून एक पट्टा मोकळा ठेवण्यास दहा घरांची एक सकाळ पुरेल. रोपे लावावयाची तर बाहेरची शोभेची न लावता त्याच राईतील बियांची लावावीत. रानमोडी वाढू देऊ नये. होमकुंडाला व शिगम्याच्या होळीला जे लाकूड लागते, त्यासाठी देवस्थानच्या पडीक जमिनीत वेगळी लागवड करावी, म्हणजे देवकार्यही चालेल व राईही उरेल.

आपल्या शास्त्रांनी गृहस्थाला जे पाच महायज्ञ सांगितले त्यांत भूतयज्ञ हा एक आहे. ज्या जीवांच्या आधारावर आपण जगतो त्यांचे देणे रोज थोडे फेडीत जावे, असा त्याचा भाव. ज्या तळीच्या पाण्याने देवाला अभिषेक होतो, त्या तळीचे देणे राईला आहे. आणि ते फेडावयाचे तर आपणच. पूर्वजांनी हे देणे भयापोटी फेडले, आपण ते जाणून-उमजून फेडावे. येत्या वार्षिक सभेत राईच्या मोजणीचा व नोंदीचा ठराव कोणीतरी मांडावा आणि सर्वांनी तो एकमुखाने संमत करावा, अशी या सेवकाची वडीलधाऱ्यांना नम्र विनंती आहे. तशी बुद्धी आपणा सर्वांना होवो, हीच देवाच्या चरणी प्रार्थना.