आज्ञा बदलली तेव्हा

एखादा नियम पाळण्यासाठी माणसाने प्राण द्यावेत, आणि ज्या ख्रिस्तसभेने तो नियम घालून दिला तिनेच पुढे तो शिथिल करावा, तर त्या मरणाचे मोल काय? सेमिनरीत असताना हा प्रश्न नीतिशास्त्राच्या तासाला आमच्यापुढे आला होता आणि तास संपताच संपलाही होता. दक्षिण कोरियातील जॉनजू या जुन्या नगरात मे महिन्याच्या अखेरीस चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा तो पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी मात्र त्याला माणसांची नावे होती आणि तारखा होत्या.

सेऊलहून दक्षिणेकडे येणारी गाडी होनामच्या सपाट मैदानातून धावते. हे कोरियाचे भाताचे कोठार. आपल्याकडे लावणीसाठी पावसाची वाट पाहायची असते. तिथे मे संपता संपताच खाचरांत पाणी चढवलेले असते आणि यंत्रे रोपे लावीत असतात. नगरात शिरावे तो कुंपणाकुंपणावर लाल गुलाबांचे वेल बहरलेले. जुन्या वस्तीत वळणदार कौलांची सुमारे सातशे घरे आहेत, आणि त्यांच्या बोळांतून भाड्याने घेतलेले पारंपरिक पोशाख घालून तरुण मुलेमुली छायाचित्रे काढीत हिंडत असतात. (तेथल्या भातभाजीच्या प्रसिद्ध वाडग्याविषयी आम्ही लिहीत नाही, त्याला स्वतंत्र लेख लागेल.)

या वस्तीच्या तोंडाशी दोन वास्तू रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत. एक ग्योंगीजॉन. सन 1392 मध्ये जोसॉन राजवट स्थापन करणारा राजा थेजो याची तसबीर जतन करण्यासाठी 1410 मध्ये हे पूर्वजमंदिर उभारले गेले. राजाचे ‘यी’ घराणे मूळ जॉनजूचे. मंदिराच्या दारात दगडी प्राण्यांच्या पाठीवर एक शिलालेख आहे: येथे प्रत्येकाने घोड्यावरून उतरावे. दुसरी वास्तू म्हणजे जॉनदोंग येथील आपले चर्च. करड्या-तांबड्या विटांचे आणि घुमटांचे हे मंदिर 1908 ते 1914 या काळात बांधले गेले. पायासाठी पाडलेल्या नगरकोटाचे दगड वापरले आहेत. एका बाजूला पूर्वजांचा सन्मान, तर दुसऱ्या बाजूला पूर्वजांच्या पाट्या जाळल्या म्हणून शिरच्छेद झालेल्या दोघांचे स्मारक. मध्ये फक्त रस्ता.

ते दोघे म्हणजे पॉल यून जी-चुंग आणि याकोब क्वॉन सांग-यॉन. यून हा प्रसिद्ध कवी यून सॉन-दो याच्या घराण्यातला. 1783 मध्ये राज्याची पहिली परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्वान. क्वॉन त्याचा मामेभाऊ. कोरियातील ख्रिस्तसभा मिशनऱ्यांनी स्थापन केली नाही, हे वाचकांना ठाऊक असेल. चीनमधून आलेले धर्मग्रंथ वाचून काही विद्वानांना श्रद्धेचा मार्ग दिसला. त्यांच्यापैकी यी सुंग-हुन याने 1784 मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि परतल्यावर इतरांना दिला. त्या ग्रंथांत जेज्वीट धर्मगुरू मातेओ रीची यांचा ग्रंथ अग्रणी होता. रीची स्वतः चिनी पूर्वजविधींकडे सहानुभूतीने पाहत असत. परंतु त्यांच्यानंतर मोठा वाद झाला आणि 1742 मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ते विधी निःसंदिग्ध शब्दांत निषिद्ध ठरविले.

कोरियन भाविकांनी 1790 मध्ये निरोप्या पाठवून बीजिंगचे बिशप आलेशांद्र द गुवेया यांना विचारले: पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या घरात ठेवून त्यांच्यापुढे नैवेद्य मांडावा की नाही? बीजिंगचे धर्मप्रांत पोर्तुगीज पाद्रोआदोखाली 1690 मध्ये स्थापन झाले, तेच गोव्याच्या महाधर्मप्रांताला जोडलेले. आपल्या वसईची आणि कोरियाची ख्रिस्ती पाने अशी एकाच दप्तरात बांधली गेली होती. बिशपांचे उत्तर आले: नाही. त्यांच्या हाती रोमचा निर्णय होता. दुसरे उत्तर देण्याची मुभा त्यांना नव्हती.

यून आणि क्वॉन यांनी आपापल्या घरातील पाट्या जाळल्या. पुढच्याच वर्षी, 1791 च्या उन्हाळ्यात, यूनची आई वारली. तिच्याच इच्छेनुसार त्याने तिचा अंत्यविधी ख्रिस्ती पद्धतीने केला. शोकवस्त्रे नेसली, शोक पाळला; पाटी मात्र केली नाही. नातलग खवळले आणि वार्ता राजदरबारी गेली. दोघे लपून बसले, परंतु अधिकाऱ्यांनी यूनच्या चुलत्याला धरून नेल्याचे कळताच ते आपण होऊन हजर झाले. चौकशीत यूनने सांगितले त्याचा आशय असा की, लाकडाच्या त्या तुकड्याशी आपले रक्तामांसाचे नाते नाही. त्याला आई म्हणणे आपल्याला जमणार नाही. 8 डिसेंबर 1791 रोजी पुंगनाम वेशीबाहेर दोघांचा शिरच्छेद झाला. भाविकांनी त्यांच्या रक्तात रुमाल भिजवले आणि त्यांतील काही तुकडे बीजिंगला बिशप गुवेया यांच्याकडे पोहोचते केले.

ज्यांनी त्यांना मारले त्यांना केवळ क्रूर म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्या राज्यात पूर्वजविधी ही मातापित्यांच्या भक्तीची खूण होती, आणि मातापित्यांची भक्ती हा राजनिष्ठेचा पाया. ज्याने आईची पाटी केली नाही त्याने आईलाच नाकारले, असे त्यांना खरोखर वाटत होते. चौथी आज्ञा त्यांना आपल्याइतकीच, कदाचित आपल्याहून अधिक, पाठ होती. पहिली आज्ञा पाळताना चौथी मोडली, असा त्या मुलावर आरोप होता. बंदीमुळे अनेक कुलीन विद्वानांनी ख्रिस्तसभा सोडली, हेही नोंदवले पाहिजे. त्यांनाही आयाच होत्या.

मग आले 1939 साल. रोमच्या धर्मप्रसार मंडळाने चीनसाठी सूचना काढली: हे विधी आता नागरी स्वरूपाचे आहेत, मृतांच्या प्रतिमेपुढे किंवा नाव लिहिलेल्या पाटीपुढे मस्तक लवविणे ख्रिस्ती माणसाला योग्य आहे. जपानसाठी तशी सूचना 1936 मध्येच निघाली होती. चीनच्या सूचनेवरील तारीख होती 8 डिसेंबर. यून आणि क्वॉन यांच्या मरणाला त्या दिवशी बरोबर 148 वर्षे झाली होती. हा योगायोग रोममध्ये कोणी मुद्दाम जुळविला असेल असे आम्हांस वाटत नाही; म्हणूनच तो अधिक बोचतो.

विधींचा अर्थच काळाच्या ओघात बदलला, म्हणून नियम बदलला, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. 1791 ची पाटी म्हणजे आत्म्याचे आसन मानले जाई. तरीही सरकारने विधी नागरी ठरविले म्हणून घरातल्या आजीच्या मनातला अर्थ एका रात्रीत बदलतो काय, याविषयी आम्ही साशंक आहोत. कोरियाच्या बिशपांनाही ही अडचण जाणवली असावी. त्यांच्या 1958 च्या मार्गदर्शिकेने छायाचित्रापुढे वा केवळ नावाच्या पाटीपुढे वाकण्यास अनुमती दिली. पण पाटीवर आत्म्याचे आसन असे लिहिणे, तसेच आत्मे जेवत आहेत म्हणून खोलीचे दार लावून घेणे, या गोष्टी निषिद्ध ठेवल्या. कावळ्याला घास ठेवून दूर उभे राहणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये वाढलेल्या आम्हांला तो दाराचा तपशील लगेच उमगला.

यूनने चूक केली काय? संत थॉमस अक्विनास यांनी शिकविले आहे की, सदसद्विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणारा पाप करतो. यूनची बुद्धी चुकत होती असेही आम्ही म्हणत नाही. त्याच्यापुढे जो देव होता आणि ज्या शब्दांत त्याची आज्ञा त्याला कळली होती, त्या शब्दांना तो जागला. दीडशे वर्षांनी शब्द बदलतील म्हणून आज त्यांना न जागणे हा कसला शहाणपणा? त्याने जो ‘होय’ उच्चारला तो नियमासाठी नव्हे, नियमामागच्या देवासाठी होता, आणि तो देव 1939 मध्ये बदलला नाही. पोप फ्रान्सिस यांनी 16 ऑगस्ट 2014 रोजी सेऊलमध्ये यून आणि 123 सोबत्यांना धन्य घोषित केले, ते हे जाणूनच. त्यांचा सण 29 मे रोजी असतो. त्या दिवशी आम्ही जॉनजूतच होतो.

पाळणाऱ्याविषयी आमचे मन असे निःशंक आहे. सांगणाऱ्याविषयी तितके नाही. बिशप गुवेया कोरियात कधी गेले नव्हते आणि तेव्हा त्या देशात एकही धर्मगुरू नव्हता. उत्तर दूरवरून आले. किंमत जवळच्यांनी दिली. वाचकहो, धर्मग्रामाच्या कचेरीतही असेच प्रश्न येतात. “फादर, सासूबाईंच्या तेराव्याला मी पाटावर बसू का? नाही बसले तर घरात राहता येणार नाही.” विचारणारी स्त्री हो-नाहीचे उत्तर घेऊन जाते आणि आम्ही पुढची चिठ्ठी उचलतो. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आम्हांस आहे, कधी ते म्हणावेही लागते. पण ज्या घरात ते ‘नाही’ उतरणार आहे तिथला उंबरठा आम्ही ओलांडला आहे काय? संत पौलाने करिंथकरांना मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी लिहिताना नियमाआधी दुर्बल बंधूच्या मनाकडे पाहिले होते. यूनचे बाप्तिस्म्याचे नावही पौलाचेच.

मार्च 2021 मध्ये जॉनजूजवळच्या छोनामी या पवित्र स्थळी जुन्या कबरींची व्यवस्था लावताना या दोघांचे अवशेष सापडले. ते त्यांचेच, हे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धर्मप्रांताने जाहीर केले. खात्रीसाठी हैनामच्या यून आणि आंदोंगच्या क्वॉन घराण्यांतील आजच्या पुरुषांशी आनुवंशिक ताडणी करण्यात आली. पूर्वजांच्या पाट्या जाळणाऱ्याची ओळख पटली ती वंशाच्या साखळीने. आणि यूनच्या कबरीत एक पांढरा चिनी मातीचा वाडगा होता. पुरणाऱ्यांनी त्यावर लिहून ठेवले होते त्याचे लौकिक नाव, त्याखाली बाप्तिस्म्याचे नाव, जन्माचे वर्ष आणि घराण्याचे मूळ गाव: हैनाम.