मधली जागा

संगमनेरातलं एक जोडपं. तो पतसंस्थेत कारकून, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. थोरला सहा वर्षांचा, धाकटी तीन. घरात भांडण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलणंही नव्हतं. ‘गॅस लावला का?’, ‘धाकटीला खोकल्याचं औषध दिलं?’, ‘उद्या डबा नको’ एवढ्यात दिवस उरकायचा. अशा घराला आपल्याकडे सुखी घर म्हणतात.

मे संपत आला तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला. “भंडारदऱ्याकडं काजवे आलेत म्हणत्यात. दोघं जाऊन या. लेकरं मी बघते.”

सुनेला पटेना. लेकरं टाकून फिरायला गेले, असं गल्ली म्हणणार. (गल्ली काय, घरी बसलं तरी म्हणतेच.) “आई, सगळेच जाऊ की.”

“सगळे जाऊन झालंय. शिर्डी झाली, शिंगणापूर झालं.” सासूबाई शेंगा फोडत होत्या, वर न बघताच पुढं म्हणाल्या, “तुझे सासरे अन् मी, दोघंच असे कधी कुठं गेलो नाही. पोरं कामाला लागली, लेकी नांदायला गेल्या, अन् घरात आम्ही दोघं उरलो. बोलावं काय, सुचंना. ते पेपर वाचायचे, मी तांदूळ निवडायची. माणूस चांगलं होतं गं. ओळखच राहिली नव्हती.”

मग सुनेनं बॅग भरली. सासूबाईंची अट एकच होती: “फोन मी करीन. तुम्ही करायचा नाही.”

बुधवारी त्यानं रजा टाकली. मोटारसायकलच्या टाकीवर थोरला नव्हता, मध्ये धाकटी नव्हती, तरी बायको सवयीनं मध्ये वीतभर जागा सोडूनच बसली. अकोल्यापर्यंत विषय लेकरांचाच: दूध प्यायली असेल का, नवी वह्या-पुस्तकं कधी आणायची. पुढं विषयच संपले. राजूरला पेढ्यांच्या दुकानात ती म्हणाली, “पाव किलो द्या, पोरांना.” तो म्हणाला, “अन् आपल्याला?” दुकानदारानं दुसरा पुडा बांधला.

शेंडीहून जलाशयाला वळसा घालून रतनवाडी गाठली. इंग्रजांनी 1910 साली काम सुरू केलेलं हे भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. त्यानं अडवलेली प्रवरा म्हणजे यांच्या संगमनेरातून वाहणारीच नदी. ती उगम पावते रतनगडाच्या बाजूला. गडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. तिथल्या खांबांवरची नक्षी बघताना बायको एकदम सुरू झाली. ही वेल बघा, हे कीर्तिमुख, इथं दगडाला दगड कसा बसवलाय. ती इतिहासाची पदवीधर. लग्न ठरताना हे त्यानं ऐकलं होतं, नंतर मात्र ती फक्त थोरल्याचा गृहपाठ घेणारी झाली होती. तो तासभर ऐकत राहिला. मध्येच त्यानं एक प्रश्न विचारला तो चुकीचा होता, त्यावर ती हसली, आणि तोही हसला.

रात्री नाचणीची भाकरी खाऊन गावातल्या एका पोराबरोबर दोघं झाडांकडं निघाले. हिरडा, बेहडा, सादडा. अंधारात ठेच लागली तशी बायकोनं मोबाईल काढला. एक डोळा रस्त्यावर, दुसरा घरून फोन आलाय का त्यावर.

“ताई, बॅटरी बंद करा,” पोरगा म्हणाला. “उजेड पडला की त्यांना एकमेकांचं दिसत नाही.”

“कोणाचं?”

“काजव्यांचं. नर लुकलुकतो ते मादीला बोलवायला. वर्षातले कितीतरी महिने अळी होऊन मातीत काढायचे, अन् पंख फुटल्यावर हाती दोन-तीन आठवडे. त्यात माणसं गाड्यांचे दिवे मारत्यात. मग कुणी कुणाला शोधायचं?”

तिनं मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला. थोड्या वेळानं समोरचा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लखलखून उठला, विझला, पुन्हा उठला. तो काही बोलला नाही. तिनं त्याचा शर्ट धरला होता, ठेच लागू नये म्हणून, असं ती नंतर म्हणाली.

परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मध्ये जागा नव्हती. लेकरांचा विषय निघाला तो थेट अकोल्यात. तोवर त्याला आपली बदली मागायची आहे हे तिला कळलं होतं, आणि तिला एम.ए. करायचं आहे हे त्याला.

घरी थोरल्याचा गुडघा फुटला होता, त्यावर हळद. सून कासावीस झाली. “आई, फोन का नाही केला?”

“करून काय? तिकडून हळद लावली असती?” सासूबाई म्हणाल्या. “धाकटीनं रात्री एकदा तुझं नाव काढलं. खिचडी खाल्ली अन् झोपली.”

पेढ्यांचे पुडे दोन आले होते. लेकरांनी दोन्ही संपवले.

काजव्यांचा हंगाम मेअखेरीपासून साधारण जूनच्या मध्यापर्यंत असतो. पावसानं जोर धरला की आटोपतो. जायचं असेल तर शनिवार-रविवार सोडून जा, त्या दोन दिवशी तिथं काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवे जास्त असतात. आणि घरात आजी असेल, शेजारी मावशी असेल, तर तिला आजच विचारून ठेवा.